पाणी अंगठ्याला लागेपर्यंत

त्या चैत्रात दुर्गेश एका पायात चप्पल घालून घरी आले. फाटक उघडलं, गाडी आत घेतली, दोन पायऱ्या चढून पंख्याखाली बसले आणि पाणी मागितलं. डाव्या पायात चप्पल, उजवा पाय उघडा. दुपारचा दीड वाजला होता. नागपुरात हुडकेश्वरच्या आमच्या गल्लीत त्या वेळी कुत्रंसुद्धा रस्ता ओलांडत नाही.

"दुसरी चप्पल कुठं?" मी विचारलं.

त्यांनी खाली पाहिलं. जरा जास्तच वेळ पाहिलं.

"पडली असन रस्त्यात."

"पडली असन? पायातली चप्पल पडते आन् माणसाले समजत नाही?"

"गाडी चालवून राहिलो होतो न मी. चपलेकडं पाहू का ट्रककडं?"

"उद्या पाय विसरून याल कुठं," मी म्हणाले आणि हसले. तेही हसले. मी उरलेली चप्पल त्यांच्या पायातून काढून कोपऱ्यात टाकली, आणि ब्लाउजच्या बाह्या जोडायच्या राहिल्या होत्या म्हणून मशिनवर जाऊन बसले.

आमच्याकडे बायका नवऱ्याचं नाव तोंडाने घेत नाहीत. मीही घेत नाही. लिहिताना मात्र घ्यावं लागतं, नाहीतर वाचणाऱ्याला कळायचं नाही कोण आलं आणि कोण बोललं.

दुर्गेश बेस वाजवतात. चार जाड तारांची गिटार. नंदनवनचा जितेंद्र हा त्यांचा शाळेपासूनचा मित्र. तो गातो, पेटी वाजवतो, आणि त्याची पार्टी भागवत सप्ताहांना, देवीच्या कार्यक्रमांना साथीला जाते. ढोलक, बासरी, ऑक्टोपॅड, आणि एका कडेला स्टुलावर बसलेले आमचे हे. पंचवीस वर्षं झाली. बेस वाजत असतो तेव्हा लोकांचं लक्ष नसतं. थांबला की मात्र जेवणात मीठ विसरल्यासारखं काहीतरी होतं, आणि लोक उगाच ढोलकवाल्याकडे बघतात.

आमच्या घरात पायडलं दोन. एक माझ्या शिलाई मशिनचं, एक त्यांचं. माझं पायडल दाबलं की मशिन चालतं आणि पाय थांबला की थांबतं. त्यांचं वेगळं. ते दाबल्याने काही वाजत नाही, वाजतं ते बोटांनीच. पायडल त्या आवाजाचं तोंड उघडतं आणि मिटतं. गिटारची वायर एका डब्यात जाते, डब्यात फिल्टर असतं, आणि त्या फिल्टरची किल्ली म्हणजे पायाखालचं हे काळं लोखंड. टाच दाबली की आवाज मिटत जातो, भिंतीपलीकडच्या घरात कुणी गातंय आणि शब्द कळत नाहीत असा होतो. पंजा दाबत नेला की तोच आवाज हळूहळू उघडतो. रिकाम्या माठाच्या तोंडाशी ओठ नेऊन 'ऊ' म्हणावं आणि मान वर उचलत 'ओ' आणि 'आ' करावं, तसा. आणि पाय काढला तरी ते पायडल सोडलं तिथंच राहतं, परत उठत नाही. मला त्याचं फार नवल वाटायचं. माझ्या मशिनच्या पायडलाला असा धीर नाही.

ते पहिल्यांदा घरात आलं तेव्हा माझ्या सासूबाई, बायजाबाई, होत्या. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"वाद्याले पाय लावतं का गा?"

आपल्याकडे चुकून तबल्याला पाय लागला तरी माणूस वाकून हात लावतो, कपाळाला नेतो. आणि हे तर पायानेच वाजवायचं. दुसऱ्या दिवशी दुर्गेशांनी तोड काढली. वाजवायला बसायच्या आधी खाली वाकून पायडलाला हात लावायचा, हात कपाळाला न्यायचा, मग पाय ठेवायचा. उठतानाही तसंच. बायजाबाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, "हां. पाया पडून पाय देला तं चालते." तेव्हापासून सुरू करताना एकदा आणि संपल्यावर एकदा. त्यात कधी खंड नाही.

बायजाबाईंचा एक पाळणा होता. कुठल्या पुस्तकात नाही. त्या कापूस वेचायला जायच्या तेव्हा बायांनी मिळून बांधलेला असावा. सप्ताहाच्या चौथ्या दिवशी कृष्णजन्म होतो, तेव्हा जितेंद्रची पार्टी तोच म्हणते.

कोठडीचं दार आपोआप उघडलं,
टोपल्यात बाई माहं काळं सोनं निजलं.

यमुनेचं पाणी चढे कमरेले,
चढे छातीले, चढे हनुवटीले.

थांब वं यमुने, टोपलं बुडन,
अंगठ्याले शिव, मंग पाणी उतरन.

वसुदेव बाळाला टोपलीत घेऊन नदीत उतरतो. पाणी चढत जातं, कारण यमुनेला बाळाचा पाय शिवायचा असतो. टोपलीबाहेर आलेला एवढासा अंगठा तिला लागतो आणि ती खाली बसते. दुर्गेश या कडव्याला टाच दाबून सुरू करायचे. आवाज मिटलेला, पाण्याखालचा. मग कमर, छाती, हनुवटी, तसा पंजा पुढे, तसा आवाज उघडत उघडत वर. 'अंगठ्याले' या शब्दावर तो पूर्ण उघडायचा. क्षणभर तिथं थांबायचा. आणि मग टाच, आणि पाणी उतरायचं. एवढंच. सगळ्या सप्ताहातलं त्यांचं असं हे एकच ठिकाण. बाकीचं कुणीही वाजवलं असतं.

"भाऊ, तुमचं ते वाव-वाव जरा कमी करा न," जितेंद्र म्हणायचा. "लोक पाळण्याकडं पाहून राहिले असते. कोणाले समजते?"

"तुले समजते का?"

"मले गाणं म्हणाचं असते बाप्पा."

मला समजायचं. बायांच्या रांगेत बसून मी त्या शब्दाची वाट पाहायचे. डोळे मिटून वाजवायचे ते, आणि 'अंगठ्याले'च्या वेळी भुवया अशा वर व्हायच्या, जणू कुणी हनुवटी धरून चेहरा वर केला.

त्या वर्षी मात्र दोन गोष्टी झाल्या. एक म्हणजे ते डोळे उघडे ठेवून वाजवायला लागले. मान खाली, नजर पायावर. मी म्हटलं, वय झालं, पन्नाशी आली. दुसरी म्हणजे उजव्या पायात मोजा. राखाडी, सुती. स्टेजवर चप्पल चालत नाही, देवाची जागा असते, म्हणून पार्टीतले सगळे उघड्या पायांनी बसतात. दुर्गेश एका पायात मोजा घालून बसू लागले.

"काहून?" मी विचारलं.

"घामानं पाय घसरते लोखंडावरून."

पायडलावरचं रबर कधीच झिजून निघून गेलं होतं, त्यामुळे मला ते पटलं.

वैशाखात वाडीला सप्ताह होता. गणपतरावांचा. अमरावती रोडला त्यांची ट्रान्सपोर्टची गोडाऊनं आहेत, त्यांच्या मागच्या मोकळ्या प्लॉटवर मांडव टाकला होता. दुपारी एक ते पाच कथा. दोन्ही बाजूंना मोठाले कूलर, आणि तरी माणसं वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत होती. गणपतरावांच्या आई रंभाबाई रोज पहिल्या रांगेत, पांढऱ्या लुगड्यात, जपमाळेची पिशवी मांडीवर. चौथ्या दिवशी ताकाची सुट्टी झाली तेव्हा त्यांनी मला बोटाने बोलावलं.

"वं प्रेमिला. तुहा नवरा मोजा घालून बसते महाराजांच्या गादीपाशी."

"घाम येते त्याहीले, आजी. पाय घसरते."

"चार दिस पाहून राहिली मी. बोलली नाही. पन आज जन्म हाय वं. देवाच्या जन्माले कोनी मोजे घालते का?"

मला लाज वाटली. आपल्या माणसाच्या वागण्यात कुणी खोट काढली की वाटते तशी. मी ताकाचा ग्लास घेऊन स्टेजच्या कडेला गेले. दुर्गेश स्टुलावर बसून तारा पुसत होते.

"अहो, आज तरी मोजा काढा. रंभाबाई नाराज हायेत."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काढू?"

"काढा न. घसरला तं घसरला. पाळण्यापुरता तं हाय."

ते वाकले, मोजा काढला, त्याची दुहेरी घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली, रुमाल ठेवावा तशी.

"झालं?"

"झालं," मी म्हणाले. आणि रंभाबाईंकडे वळून मान हलवली. त्यांनीही हलवली.

'काढू?' हा शब्द नंतर मी फार वेळा ऐकला. कुणी बोललेलं नसताना.

कथा पुन्हा सुरू झाली. महाराज देवकीच्या कोठडीचं सांगत होते. तो भाग लांबतो, आणि तेवढा वेळ साथ नसते. दुर्गेश पाय मागे घेऊन बसले होते. तीनच्या सुमाराला माणसांनी पश्चिमेकडची कनात वर गुंडाळली, कारण वसुदेव तिकडून येणार होता. गणपतरावांचा जावई, डोक्यावर टोपली, टोपलीत दुसऱ्या कुणाचं तरी सहा महिन्यांचं बाळ. कनात उचलल्याबरोबर ऊन आत आलं. बायांनी पदर पुढे ओढले. स्टेजच्या त्या कडेला उन्हाचा एक लांब चौकोन पडला. दुर्गेशांच्या स्टुलाचे दोन पाय त्यात होते, आणि पायडल. काळं लोखंड, वैशाखातलं नागपूर, अर्धा-पाऊण तास. हे सगळं मी पाहत होते. माझ्या डोळ्यांसमोर होतं. पण पाहणं आणि लक्षात येणं यांच्यामध्ये त्या दिवशी शंख वाजला, फुलं उधळली गेली, आणि वसुदेव आला.

जितेंद्रने पाळणा धरला. दुर्गेशांनी पाय पुढे घेतला आणि पायडलावर ठेवला. हात लावला नाही, कारण हात सुरुवातीला एकदा लावलेला होता, आणि दुसरा शेवटी लावायचा होता. तसाच नियम होता.

पाळणा वीस मिनिटं चालला. एकेक बाई येऊन दोरी ओढत होती, तिच्या पदरात खोबऱ्याचा तुकडा पडत होता, आणि जितेंद्र कडवी फिरून फिरून म्हणत होता. पाणी कमरेला, छातीला, हनुवटीला. दुर्गेशांची मान खाली होती, पण त्या दिवशी मला वाटलं की असं त्यांनी कधी वाजवलं नाही. दर वेळी पाणी चढायचं आणि अंगठ्याला लागायचं आणि उतरायचं. शेजारची बाई म्हणाली, "काय वं, रडून काहून राहिली?" मी म्हटलं, सासूची आठवण आली. ते खरंही होतं.

शेवटचा स्वर संपला. ते नेहमीसारखे वाकले, उजव्या हाताची बोटं पायडलाला लावली, आणि हात झटक्यात मागे आला.

"काय भाऊ, करंट लागला का?" जितेंद्र माइकवरच बोलला. सगळा मांडव हसला. मीही.

दुर्गेश हसले नाहीत. त्यांनी हात पुन्हा पुढे नेला, हळू, एक बोट टेकवलं आणि उचललं. मग त्यांनी आपल्या पावलाकडे पाहिलं. ते अजून त्याच लोखंडावर होतं, शांत, निवांत. दुसऱ्या कुणाची वस्तू उचलून बाजूला ठेवावी तसं त्यांनी ते उचलून बाजूला ठेवलं. खिशातून मोजा काढला आणि चढवला.

मला वाटलं, बरं केलं. जन्म झाला, आता घातला तर कुणी बोलणार नाही.

घरी येईपर्यंत मी गाडीवर त्यांच्या मागे बसून आजच्या गर्दीबद्दल बोलत होते. घरी मोरीपाशी पाहिलं तर मोजा ओला.

"पाणी सांडलं का पायावर?"

मी खाली बसले आणि मोजा ओढला. तो सहज निघाला नाही. निघाला तेव्हा त्याच्याबरोबर जे निघालं ते मी इथं लिहीत नाही.

"दुखते का?"

"नाही."

"खरं सांगा."

"खरंच नाही दुखत प्रेमिला. काहीच नाही."

मग मला चप्पल आठवली. उघडे डोळे आठवले. राखाडी मोजा माझ्या हातातच होता.

फाल्गुनात ते एकटेच डॉक्टरकडे गेले होते. शुगर निघाली होती, आणि बरीच जुनी. डॉक्टरने त्यांना डोळे मिटायला लावले आणि प्लास्टिकच्या एका बारीक दोऱ्याने तळव्याला जागोजाग टोचलं. लागतं का? लागते. इथं? लागते. इथं? तेही लागते म्हणाले. डॉक्टर हसला आणि म्हणाला, या वेळी तर मी दोरा लावलाच नव्हता. हे मला त्या संध्याकाळी मोरीपाशी कळलं.

"जितेंद्रले समजलं असतं तं पायडल काढून घेतलं असतं," ते म्हणाले. "पायाले समजत नव्हतं, पन कानाले समजून राहिलं होतं न. ऐकून ऐकून ठेवत होतो पाय. आज चांगलं लागलं. लागलं न?"

"लागलं," मी म्हणाले.

त्याच रात्री दवाखान्यात जायला हवं होतं. सकाळी गेलो, गल्लीतल्याच डॉक्टरकडे. त्याने पट्टी केली आणि मोठ्या दवाखान्यात दाखवा म्हणाला. दुर्गेश म्हणाले, तीन दिवस राहिले, सप्ताह मोडत नाही. आता वाटतं, मी गाडीची किल्ली लपवायला हवी होती. पण मीही त्याच घरातली. सात दिवसांचा शब्द दिलेला, सातव्या दिवशी काला, आणि काल्याआधी उठलेला माणूस मी माहेरीही पाहिला नव्हता, सासरीही नाही. मी पांढऱ्या मांजरपाटाच्या पट्ट्या फाडल्या आणि रोज सकाळी बांधल्या. सातव्या दिवशी दहीहंडीच्या वासातही मला दुसरा एक वास येत होता. आठव्या दिवशी ताप चढला.

आधी अंगठा गेला. आठवड्याने शेजारची दोन बोटं. मग डॉक्टर म्हणाले, आता पुढचं अर्धं पाऊल काढलं तर मागचं राहील. दर वेळी कागदावर सही माझी होती. प्रेमिला, प्रेमिला, प्रेमिला. पहिल्या वेळी मी विचारलं, सही कुठं करायची. तिसऱ्या वेळी मी पेन कुठं टेकवायचं ते न विचारता टेकवलं.

दवाखान्यातून घरी एकदा कपडे न्यायला आले तेव्हा त्यांचा चष्मा शोधताना मी बेसच्या पिशवीचा कप्पा उघडला. आत चार घड्यांची चिठ्ठी होती, फाल्गुनातल्या त्या डॉक्टरची. उघड्या पायाने चालू नये, घरातही नाही. तापलेल्या वस्तूपासून पाय जपावा. रोज तळवा आरशात पाहावा. खाली तारीख. मी ती तीनदा वाचली, घडी घातली आणि होती तिथं ठेवली.

दवाखान्यात परत गेले तेव्हा ते जागे होते. मला बोलायचं होतं. मोजा मी काढायला लावला, असं. पण नर्स आली, मग सलाइन बदललं, मग शेजारच्या खाटेवरच्या पेशंटचे पाहुणे आले. तो दिवस गेला. नंतर दिवस जातच राहिले. आषाढात घरी आलो. मी पट्टी बदलायचे, ते छताकडे बघायचे. उरलेलं पाऊल माझ्या दोन हातांत मावायचं. आम्ही भाजीबद्दल बोलायचो, लाइटबद्दल बोलायचो. वर्ध्याहून मुलीचा, वैभवीचा, फोन आला की तिच्याबद्दल बोलायचो.

श्रावणात, गोकुळाष्टमीला आठ दिवस होते तेव्हा, जितेंद्र आला. चिवड्याचा पुडा आणि नेहमीचा आवाज घेऊन.

"वहिनी, चहा टाका. भाऊ, बसूनच तं वाजवता तुम्ही. मी काय तुम्हाले नाचाले बोलावून राहिलो का? मंदिरातला कार्यक्रम हाय, दुपारचा. स्टूल माहं, रिक्षा माही. तुम्ही फक्त या."

"आन् पाळणा?"

"पाळणा तं म्हणाचाच हाय."

जितेंद्रने कोपऱ्यातल्या पायडलाकडे पाहिलं आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली आला.

"ते राहू द्या न भाऊ. साधा बेस वाजवा. मागं मी चेष्टा करत होतो. पन खरं सांगतो, कोणाले समजते?"

"हाव," दुर्गेश म्हणाले. "कोणाले समजते."

जितेंद्र गेल्यावर त्यांनी माझ्याकडे जुना पेपर मागितला.

"काहून?"

"पायडल बांधून ठेव. जितेंद्र पुन्हा येईन तेव्हा देऊन टाकू. कोणाच्या तरी पायाले उपयोगी पडन."

मी पेपर आणला. फरशीवर बसले, पायडल मांडीवर घेतलं. जड होतं. एवढ्या वर्षांत मी ते कधी उचललं नव्हतं. झिजलेल्या जागी लोखंड पांढरं पडलं होतं, पंजाच्या आकाराचं. जितका भाग पांढरा होता, जवळजवळ तितकाच भाग त्यांच्या पायाचा गेला होता. पेपर माझ्या हातून गुंडाळला जाईना.

"मले समजते," मी म्हणाले.

"काय?"

"पाळण्यातलं. मले समजत होतं. पयल्यापासून."

ते माझ्याकडे बघत राहिले.

"आन् मोजा मीच काढाले लावला," मी म्हणाले. एकदम. जसं काही त्याच वाक्याचं पुढचं टोक होतं.

"हाव."

"रंभाबाई बोलल्या होत्या, पन तुम्हाले सांगाले मी आली."

"हाव."

"तुम्ही काहून 'नाही' म्हटलं नाही? एवढंच म्हणाचं होतं. डॉक्टरनं नको म्हटलं, एवढंच. मी काय मारलं असतं का तुम्हाले?"

खिडकीबाहेर पाऊस थांबून ऊन पडलं होतं. गल्लीत भंगारवाला ओरडत गेला.

"तुले सांगाची हिंमत नव्हती वं," ते म्हणाले. "मोजा काढाची होती."

मी रडले. बराच वेळ. त्यांनी मला गप्प बस म्हटलं नाही, खाटेवरून हात लांब करून माझ्या डोक्यावर ठेवला आणि तसाच राहू दिला. हात गरम होता.

"चिठ्ठी वाचली मी," शेवटी मी म्हणाले.

"माहीत हाय. मी घडी बाहेरून घालतो. तू आतून घातली, ब्लाउजची शिवण घालते तशी."

दोन महिने त्यांनाही ठाऊक होतं. दोन महिने मी पट्टी बदलत होते आणि ते छताकडे बघत होते.

मी पेपर बाजूला टाकला. डबा काढला, वायरी काढल्या. कोणती कुठं जाते ते मला माहीत होतं. पंचवीस वर्षं समोर बसून पाहिलेलं. छोटा स्पीकर सुरू केला तेव्हा तो आधी नुसता घरघरला. बेस त्यांच्या मांडीवर दिला.

"काय करून राहिली?"

"तुम्ही बोटं चालवा. पाय मी आहो."

मी खाटेपाशी खाली बसले. पायडलाला हात लावला, हात कपाळाला नेला.

"वेडी हायेस का?" दुर्गेश म्हणाले. "हातानं तं वाजवून राहिली. हातानं वाजवाले पाया कोण पडते?"

"तुमच्याकडून पडली. बोला, टाच कोणती?"

"तुह्या मनगटाकडची."

मी मनगट दाबलं. त्यांनी तार छेडली. आवाज मिटलेला आला, भिंतीपलीकडचा. माझ्या तळव्यात तो बारीक थरथरला. त्यांच्या पायाला हे कधी काळी असंच लागत असेल, असं मनात आलं. विचारलं नाही.

मी बायजाबाईंचं कडवं धरलं. माझा गळा बरा नाही, पण घरातच होतो.

यमुनेचं पाणी चढे कमरेले...

"हळू वं," ते म्हणाले. "मशिन नाही हे. हळू चढते पाणी."

चढे छातीले...

"हां. चढू दे. अजून. बोटाकडं जा."

चढे हनुवटीले. आवाज उघडत होता. माझ्या हाताखाली उघडत होता. मी त्यांच्याकडे पाहिलं तर डोळे मिटलेले. किती महिन्यांनी. भुवया वर जायच्या बेतात होत्या, आणि मी बघतच राहिले, आणि 'अंगठ्याले' म्हणायचं माझं राहून गेलं. आवाज पूर्ण उघडून पुढे गेला, उघडाच राहिला. पायडल जिथं सोडलं तिथंच राहतं.

"उतरव, उतरव," दुर्गेश म्हणाले. मी मनगट दाबलं, पण उशीर झाला होता. टोपलं बुडालं.

त्यांनी तारेवर हात ठेवला. खोलीत फक्त स्पीकरची घरघर राहिली. दोघंही पांघरुणाखालच्या त्या आखूड उंचवट्याकडे बघत होतो, आणि बघत नाही असं दाखवत होतो.

"तुमच्यासारखं नाही झालं," मी म्हणाले.

"नाही झालं."

"होईन का?"

"माह्यासारखं नाही होणार," ते म्हणाले. मग तार पुन्हा जुळवत म्हणाले, "पन पाणी तं चढलं."

"आठ दिवसांत जमन?"

"पाहू. गादीपाशी खाली बसा लागन तुले, माह्या पायाशी. रंभाबाई असल्या तं काय म्हणतीन?"

"म्हणू द्या."

खिडकीतून आलेली उन्हाची पट्टी फरशीवरून सरकत आली होती. पायडलापासून वीतभर लांब होती. मी पायडल उचललं, वायरीसकट मागे ओढलं, सावलीत ठेवलं. त्यावर तळहात टेकवून पाहिला. थंड होतं. तरी उलट्या हाताने पुन्हा एकदा पाहिलं, तान्ह्याचा ताप बघतात तसं.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हणाले. "वाजवा. कमरेपासून."